नामंजुरीचा कागद

मुलांना बारा महिन्यांची नावं पाठ असतात, पण ओळीने म्हणायला लावलं की एखादा महिना गळतोच. कुणाचा जून गळतो, कुणाचा ऑगस्ट. म्हणून मी त्यांना महिने म्हणायला लावत नाही, वाचायला लावतो.

डोकमर्डीतल्या एका चालीसमोर, म्हणजे आपण जिला चाळ म्हणतो तिच्यासमोर, कडुनिंबाखाली मी दुपारी चार ते सहा बसतो. नोकरीतून निवृत्त झाल्यापासूनचा हा नेम. अकरा मुलं येतात. त्यांचे आईबाप नंदुरबार, तळोदा, शहाद्याकडून आलेले आणि सिल्वासाच्या आसपासच्या कारखान्यांत कामाला. त्या दिवशी मी कॅलेंडर घरी विसरलो होतो. मुलं खूश झाली, आज महिने नाहीत म्हणून. तेवढ्यात पहिली पाळी संपवून आलेली चिमाबाई ओट्यावरून म्हणाली, "गुरुजी, हे घ्या. ह्याच्यात नुसते महिनेच भरलेत."

चिमाबाई वळवी म्हणजे माझ्या वर्गातल्या गुड्डीची आजी. पन्नाशीची, काटक. गलोंड्याच्या सुताच्या कारखान्यात ठेकेदाराकडे चौदा वर्षं कामाला. तिने दिलेले कागद तिच्या पीएफच्या पासबुकाचे होते, सायबर कॅफेतून छापून आणलेले. दर महिन्याला पगारातून थोडे पैसे कापले जातात, मालक त्यात आपले घालतो, आणि ते सरकारात जमा होतात. तो महिना मग या यादीत दिसतो. यादीतला महिना म्हणजे तुम्ही कामावर होतात याचा पुरावा.

मी कागद गुड्डीला दिला. ती वाचू लागली. "जानेवारी, फेब्रुवारी, एप्रिल, मे..."

"थांब. एक सोडलास."

"नाही सोडला, गुरुजी."

"पुन्हा वाच. सावकाश."

तिने पुन्हा वाचलं. पुन्हा फेब्रुवारीवरून एप्रिलवर. मी कागद सोनीकडे दिला. सोनी वर्गात सगळ्यांत चोख. तिनेही तेच वाचलं आणि मान वर करून म्हणाली, "ह्यात मार्चच नाही." मग दुसरं वर्ष काढलं, त्यातही मार्च नाही. तिसऱ्यातही नाही. मुलांना भलतीच गंमत वाटली. "मार्च पळाला! मार्च पळाला!" असा ओरडा सुरू झाला.

चिमाबाईही हसली. "अरे, तो आपला कच्चा महिना."

मुलं गेल्यावर मी तिला विचारलं, कच्चा महिना म्हणजे काय. तिने सांगितलं ते असं. होळीला निम्मे कामगार गावाला जातात. सातपुड्यातली होळी, तिला न जाणारा माणूस आजारी तरी असतो नाही तर कर्जात तरी. पण मशीन बंद ठेवून चालत नाही. म्हणून जे थांबतात त्यांना ठेकेदार हर्षल त्या महिन्याचा पगार न कापता, रोकडा, हातात देतो. पक्क्या रजिस्टरमध्ये सगळे गावाला गेलेले. काम कच्च्या वहीवर चालतं. बायका त्या महिन्याची वाट बघतात. पूर्ण पगार हातात येतो, घरच्यांना होळीचे कपडे होतात.

"आणि हे कुणी सुरू केलं?"

चिमाबाईने ओट्यावरची धूळ हाताने पुसली. "मीच मागितला, गुरुजी. सहा वर्षं झाली. म्हटलं, शेठ, होळीला तरी कापू नका. त्याला काय, आयतंच मिळालं."

आता हे सगळं वर यायचं कारण घर. मालक चाल पाडून मोठी इमारत बांधणार होता. दिवाळीपर्यंत खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. डोकमर्डीत दुसरी खोली घ्यायची तर भाडं जवळजवळ दुप्पट. चिमाबाईचा नवरा झिपरू दम्याने घरी बसलेला, नात जवळ, मुलगी-जावई सुरतेला. त्याच वेळी कामगारांना घरभाड्यात सरकारी मदत देणारी योजना आली होती. निम्मं भाडं तीन वर्षं सरकार भरणार. अट एकच, मागची तीन वर्षं पीएफ सलग भरलेला हवा. मध्ये खंड असेल तर तो का पडला हे अर्जाच्या पाठच्या पानावर लिहून द्यायचं. कामगार स्वतःच्या मर्जीने गावी गेला असेल तर वर्षाला एक महिना चालत होता.

म्हणजे अडचण काहीच नव्हती. हर्षलने स्वतः चालीत येऊन सगळ्यांना तसं सांगितलं. मोटरसायकल मध्यभागी लावून, चावी बोटावर फिरवत.

"मावशी, एकदम इझी आहे. लिहायचं, 'मार्च महिन्यात मी माझ्या मर्जीने गावी गेले होते.' खाली अंगठा नाही तर सही. मी सगळ्यांचे फॉर्म एकत्र नेऊन देतो. तुमचं भाडं पण वाचेल, दोडधाम पण वाचेल."

"दोडधाम?" मी विचारलं.

"धावपळ, गुरुजी, धावपळ. तुम्ही एवढी वर्षं सिल्वासात राहून गुजराती नाही शिकलात?"

बायका हसल्या. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला फॉर्म भरून द्यायला सांगितलं आणि मी बसलो भरायला. हे मला इथे लिहावंच लागेल. मी आयुष्यभर मुलांना शिकवलं की जे पाहिलं नाही ते लिहायचं नाही. आणि त्या दुपारी मी एकामागून एक सात फॉर्मांवर माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं की या बायका गावी गेल्या होत्या. मला वाटलं, एका ओळीने घर मिळत असेल तर ओळीचं काय एवढं. माझ्या मनात खरोखर दुसरं काही आलं नाही.

आठवा फॉर्म चिमाबाईचा. लिहून झालं की मोठ्याने वाचून दाखवायची माझी सवय आहे. मी वाचलं, "मी, चिमाबाई झिपरू वळवी, मागील तीन वर्षांत दर मार्च महिन्यात स्वतःच्या मर्जीने माझ्या गावी गेले होते. त्या काळात मी कोणतेही काम केले नाही."

"परत वाचा."

मी परत वाचलं.

"कोणतेही काम केले नाही," ती म्हणाली. "असं लिहिलंय?"

"फॉर्मबरोबरच्या नमुन्यात तसं छापलेलंच आहे."

तिने उजवा हात माझ्यासमोर धरला. मधलं बोट वरच्या पेरापासून नव्हतं. मला ते माहीत होतं. आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी सूत गुंडाळताना मशीनमध्ये गेलं होतं.

"हे कोणत्या महिन्यात तुटलं, गुरुजी?"

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"होळीच्या चौथ्या दिवशी. मी ईएसआयचं कार्ड काढलं, कामगारांच्या सरकारी दवाखान्याचं, तर हर्षलशेठ म्हणाला, कार्ड ठेव घरी, ह्या महिन्यात तू गावाला आहेस. त्याने त्याच्या ओळखीच्या डॉक्टरकडे नेलं, टाके घातले, परत आणलं. कारखान्यात काही झालंच नाही. मग माझं मशीन काढलं, मला पॅकिंगमध्ये टाकलं. पगार कमी. तेव्हा मी गप्प राहिले, कारण रोकडा मीच मागितला होता. आता हा कागद दिला की संपलं. मी गावाला होते असं मीच लिहून दिलं, तर हे बोट कधी कारखान्यात तुटलंच नाही."

"चिमाबाई, पण घर?"

"घर पाहिजे ना. कोणाला नको?" ती उठली. "मला दुसरा फॉर्म भरून द्या, मागचं पान कोरं ठेवा. मी जाते ऑफिसला."

आतून झिपरू खोकत म्हणाला, "मोठी वकीलीण! दिवाळीला कुठं राहायचं? कागद पांघरून?"

"तू पांघर. तुला तसाही पंखा लागत नही, उडायचा नही."

मी दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर गेलो. खरं सांगायचं तर तिला समजावायला गेलो होतो. रिक्षात मी तिला सांगत राहिलो की आधी घर मिळव, बोटाचं नंतर बघू. ती बाहेर बघत होती. एकदा फक्त म्हणाली, "नंतर कोणता कागद दाखवाल?"

योजनेच्या ऑफिसात खिडकीसमोर बाकं होती. आत गौरी मॅडम, रत्नागिरीकडच्या, वर्षापूर्वी इथे बदलून आलेल्या. स्वभावाने चांगल्या. हर्षल आधीच येऊन बसला होता, मांडीवर फॉर्मांचा गठ्ठा घेऊन. त्याच्या शेजारी शोभा, चिमाबाईच्याच पाळीतली, आणि आणखी चारपाच बायका. सगळ्यांनी धुतलेल्या साड्या नेसल्या होत्या, जणू घराची चावी आजच मिळणार.

गौरी मॅडमनी चिमाबाईचा अर्ज उलटून पाहिला. "मावशी, मागचं पान कोरं आहे."

"कोरंच ठेवलंय."

"खंड का पडला ते लिहावं लागतं. गावी गेला होतात ना? बाकीच्यांनी लिहिलंय तसंच लिहा."

"मी गयीच नही. कारखान्यात होते. तिन्ही वेळा."

मॅडमनी आवाज खाली आणला. "मावशी, असं म्हणालात तर मला अर्ज नामंजूर करावा लागेल. मग वर्षभर पुन्हा अर्ज करता येत नाही. मला ते करायला लावू नका."

"करा नामंजूर," चिमाबाई म्हणाली. "पण का केला ते लिहून द्या."

हर्षल उठून आला. "मॅडम, तुम्ही वेळ नका घालवू. मावशी, इथं तमाशा नको. रोकडा मागायला कोण आलं होतं माझ्याकडे? बोल. शोभा साक्षी आहे. 'शेठ, होळीला कापू नका.' कोण म्हणालं?"

"मी म्हणाले."

"झालं तर!"

"झालं कसं? मॅडम, तेही लिहा. चिमाबाईने रोकडा मागितला. चूक माझी. पण त्याच्या खाली लिहा की कारखाना चालू होता आणि मी आत होते." तिने हात खिडकीच्या काचेवर ठेवला. "मी आत नव्हते तर हे कुठं पडलं? शेठ, माझं पेर तुमच्याकडेच राहिलंय. गावाला शोधलं तर सापडायचं नाही."

एक बाई हसली आणि तिनेच पदर तोंडाला लावला.

गौरी मॅडम त्या हाताकडे बघत होत्या. मग त्यांनी कॉम्प्युटरवर काहीतरी केलं आणि एक चिठ्ठी छापून बाहेर सरकवली. चिमाबाईने ती माझ्याकडे दिली. मी वाचली, "नामंजूर. कागदपत्रे अपूर्ण."

"हे नको," चिमाबाई म्हणाली. "माझे कागद पुरे आहेत. महिने अपुरे आहेत. तसं लिहा."

"मशीनमधून एवढंच येतं, मावशी."

"तुम्हाला हात आहेत ना? आणि धड दहा बोटं."

मला वाटलं, आता मॅडम रागावतील. त्या रागावल्या नाहीत. पण म्हणाल्या, "मी 'बाई कामावर होती' असं लिहू शकत नाही. मला ते माहीत नाही. मी पाहिलेलं नाही."

मी तरी काय पाहिलं होतं ते सात फॉर्म भरताना?

"मग 'म्हणते' असं लिहा," चिमाबाई म्हणाली. "अर्जदार असं म्हणते. मी म्हणतेच आहे की."

गौरी मॅडमनी कोरा कागद ओढला. वेळ घेतला. मध्ये एकदा आत जाऊन कुणालातरी विचारून आल्या. मग मला तो कागद वाचायला दिला. तीन वर्षांच्या मार्च महिन्यांची वर्गणी पासबुकात दिसत नाही. ठेकेदाराचं म्हणणं, अर्जदार रजेवर होती. अर्जदाराचं म्हणणं, ती कारखान्यात कामावर होती, पगार रोख मिळाला आणि दोन वर्षांपूर्वी त्याच महिन्यात तिला कामावर इजा झाली. स्वेच्छेने गावी गेल्याचं लिहून देण्यास अर्जदाराचा नकार. सबब अर्ज नामंजूर. वर्गणी भरली गेल्यास वर्षाची अट न लावता फेरविचार होईल. खाली सही आणि शिक्का.

"शेवटची ओळ तुम्ही घातलीत?" मी हळूच विचारलं.

"नियमात आहे ती," त्या म्हणाल्या. "कोणी विचारत नाही एवढंच. पुढचं कोण?"

पुढे शोभा होती. ती खिडकीशी गेलीच नाही, हर्षलकडे वळली. "भाई, माझा फॉर्म द्या."

"तुला घर नको का?"

"पाहिजे तर. आधी माझा मार्च द्या."

"अरे, तू तर दोन मार्च खरंच गावाला होतीस!"

"दोन होते. तिसऱ्यात नव्हते. दोनच लिहीन, पण खरे लिहीन."

गठ्ठ्यातून त्या दिवशी तीन फॉर्म परत निघाले. बाकीच्यांनी आपले राहू दिले. त्यांना पुढे भाड्याची मदत मिळाली, आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही. त्यांच्यातल्या चौघींच्या फॉर्मवर तर माझंच अक्षर होतं.

परतताना चिमाबाईने तो कागद चार घड्या करून ब्लाउजमध्ये ठेवला. लोक मंजुरीचा कागद जपतात. नामंजुरीचा असा जपलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो. चालीत पोचताच झिपरूने विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "नामंजूर झाला," आणि चुलीवर तवा टाकला, असा की त्यावर भाकरी नव्हे, कुणाचा तरी निकाल भाजायचा आहे.

दिवाळीच्या आधी चाल पडली. गलोंड्याच्या पुढे, कारखान्याच्या मागच्या बाजूला एक पत्र्याची खोली तिला मिळाली. दुपारी तापायची, हिवाळ्यात गार पडायची, आणि भाडं आधीपेक्षा जास्त. गुड्डी माझ्या वर्गापासून लांब गेली. मग मीच आठवड्यातून दोन दिवस बसने तिकडे जाऊ लागलो. तिथे मुलं जास्त होती. सावली मात्र एकाच आंब्याची.

त्याआधी आम्ही वापीला पीएफच्या ऑफिसात जाऊन आलो होतो. तक्रारीचा अर्ज मी लिहिला, या वेळी तिने सांगितलं तेवढाच, एक शब्द जास्त नाही. त्याला पासबुकाची प्रत आणि गौरी मॅडमच्या कागदाची प्रत लावली. टेबलावरच्या माणसाने आधी नेहमीसारखं विचारलं, "तुम्ही कामावर होतात याचा पुरावा काय?" चिमाबाईने मॅडमचा कागद पुढे केला. तो त्याने दोनदा वाचला. "हे सरकारी शिक्क्यावर आहे," तो म्हणाला, आणि अर्ज घेतला. त्यापूर्वी तो घेत नव्हता.

जानेवारीत पत्र आलं. ठेकेदाराकडून कच्च्या-पक्क्या दोन्ही वह्या मागवल्या होत्या. घर अजून नव्हतं, पैसेही नव्हते. एक चौकशी होती, बस.

फेब्रुवारीच्या शेवटी, वर्ग चालू असताना, हर्षल आला. मोटरसायकल त्याने लांबच उभी केली आणि चालत आला. मुलांनी कुतूहलाने बघितलं. चिमाबाई दारात तांदूळ निवडत होती.

"मावशी, कशी आहेस?"

"पत्र्याखाली आहे. तुम्ही?"

"हे बघ, भांडण कशाला. तुझे तिन्ही मार्च मी भरतो. दंडासकट भरतो. तू फक्त वापीचा कागद मागे घे. ते लोक दोन्ही वह्या मागतायत."

"आधी भरा. भरलेले पासबुकात दिसू दे. मग मी योजनेच्या मॅडमकडे जाईन, घरासाठी. वापीचा कागद मी मागे घेणार नाही. त्यात बोट आहे."

"बोटाचं पण बघतो मी. किती पाहिजेत बोल."

"तुमच्याकडून नको. सरकारी कार्ड आहे ना माझं, त्यातून देऊ देत. कारखान्यात तुटलं असं लिहून."

हर्षलने माझ्याकडे बघितलं, मदतीला यावं तसं. मी मुलांना पुढची ओळ लिहायला सांगितली.

"यंदा होळीला पण काम आहे हां," तो जरा पडत्या आवाजात म्हणाला. "तू थांबशील ना? पक्क्यावर. कापून."

"यंदा मी नाही थांबत," चिमाबाई म्हणाली. "सात वर्षं झाली होळी बघून. यंदा मी खरीच गावाला चालले. मार्चमध्ये आठ दिवस. गुड्डी, तो कागद आण."

गुड्डीने आतून कागद आणला. रजेचा अर्ज. मीच लिहिला होता, सोमवारी. जायची तारीख, परत यायची तारीख, आणि उरलेले दिवस कामावर हजर राहीन, असं. दोन प्रती.

"ह्याच्यावर सही करा, शेठ. तुमची."

"रजेला कोण लिहून देतं, मावशी? सगळे तोंडी जातात."

"म्हणून तर रजिस्टरात सगळे महिनाभर जातात."

मुलं लिहायची थांबली होती. त्यांनी बघावं असंच मला वाटत होतं. मग हर्षलने खिशातून पेन काढलं, मांडीवर कागद टेकवला आणि दोन्ही प्रतींवर सही केली. एक तिच्या हातात देऊन तो वळला.

"शेठ," ती म्हणाली, "तारीख राहिली."